डोंगल आणि घरातला संगणक



विषय वाचून दारातच एकदोघांनी मला विचारलं, सर, तत्त्वज्ञान सोडलंत की काय? सोडलेलं नाही, आणि तासाभरात ते तुमच्या लक्षात येईलच. पामहून आलेली मागणी अगदी साधी होती. घरात संगणक आहे, फोनची वायर कधीच काढून टाकली, फायबर गल्लीपर्यंत आलंय पण आमच्या घरापर्यंत नाही. अशा वेळी डोंगल घ्यावं का, आणि घेतलं तर ते नीट कसं चालवावं? प्रश्न व्यवहाराचा आहे. मात्र व्यवहाराच्या प्रश्नात नीट विचार करायला जागा नसते असं कोणी सांगितलं?

आधी शब्दाचं बघू. डोंगल हा शब्द इंटरनेटच्या आधीचा. १९८० च्या सुमारास महागडी सॉफ्टवेअर चोरून वापरली जाऊ नयेत म्हणून संगणकाच्या पाठीमागे एक छोटी डबी लावत. ती लावली तरच सॉफ्टवेअर चालायचं. त्या डबीला डोंगल म्हणत. तुमच्यापैकी कोणी हिशेबनिसाच्या कचेरीत काम केलं असेल तर अशी डबी नक्की पाहिली असेल. शब्द कुठून आला ते कोणाला सांगता येत नाही. डॉन गॉल नावाच्या माणसावरून आला अशी एक गोष्ट सांगतात, पण ती एका कंपनीच्या जाहिरातीतली गंमत होती. पुढे यूएसबीत खुपसायच्या कुठल्याही बोटाएवढ्या वस्तूला लोक डोंगल म्हणू लागले. आपण आज बोलणार आहोत ते सिमकार्ड घालायचं, मोबाइलच्या जाळ्यावरून संगणकाला इंटरनेट देणारं डोंगल. दुकानात त्याला डेटा कार्ड, नेट सेटर असंही म्हणत आले आहेत. वस्तू एकच.

आता आपला भाग बघा. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला एमआयडीसी, तिच्या अंगाला पाम, कुंभवली, कोलवडे ही गावं, पुढे खाडी आणि समुद्र. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली इथून हाकेच्या अंतरावर सुरू झालं. तरीही संध्याकाळी लाइट गेली की आपण मेणबत्ती शोधतो. दिव्याखालचा अंधार आपल्याला नवा नाही, म्हणून इंटरनेटच्या बाबतीतही तो दिसला तर दचकायला नको.

पण मग संगणकच का? फोन तर प्रत्येकाच्या हातात आहे. हा आक्षेप मला फार जणांकडून ऐकायला मिळतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. व्हॉट्सॲप, भजन, क्रिकेट, पैसे पाठवणं, हे सगळं फोनवर उत्तम होतं. परंतु महाडीबीटीवर मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, प्रत्येकाची फाइल ठरलेल्या आकाराच्या आत बसवायची. फोटो इतक्या केबीपेक्षा मोठा नको, सही इतक्यापेक्षा लहान नको. एका खिडकीत दाखला उघडा ठेवून दुसऱ्या खिडकीत आकडे टाकायचे. फोनच्या पडद्यावर हे करताना माणूस रडकुंडीला येतो. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक तपासायचं असतं, मालकाने दर महिन्याला भरणा केला की नाही ते ओळीओळीने बघायचं असतं. ते मोठ्या पडद्यावर पाच मिनिटांत दिसतं.

आणखी एक उदाहरण देतो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. तुम्ही त्या बाजूचे असा की या बाजूचे, मला आज त्यात पडायचं नाही. पण १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अशा मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी घ्यायची तर किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. हे अहवाल शेकडो पानांचे असतात. नकाशे, तक्ते, परिशिष्टं. नकाशात आपली वाडी कुठे येते हे ज्याला स्वतः मोठं करून बघता येतं, तो सुनावणीत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. ज्याला येत नाही, तो दुसऱ्याने सांगितलेलं ऐकतो. हातात तीस दिवस आहेत आणि घरात चालतं इंटरनेट नाही, यातला अडसर तुमच्या ध्यानात येईल.

यावर सर्वसाधारण उत्तर असतं, की दुकानात जाऊन करून घ्या. जरूर करा, दुकानदार मंडळी चांगली कामं करतात. पण त्या टेबलावर काय घडतं ते बघा. तुमचा आधार क्रमांक, तुमचा पासवर्ड, कधीकधी आईचं माहेरचं नाव, सगळं त्या दुकानदाराच्या वहीत उतरतं. ओटीपी आला की तुम्ही तो मोठ्याने वाचून दाखवता आणि मागे रांगेत उभे असलेले सहा जण तो ऐकतात. पुढच्या वर्षी पासवर्ड विसरलात की पुन्हा त्याच वहीकडे जायचं. म्हणजे नाव तुमचं, खातं तुमचं, आणि किल्ली दुसऱ्याकडे. घरातला संगणक घरातूनच जोडला जावा असं मी म्हणतो ते यासाठी.

मग फोनचाच हॉटस्पॉट का नको? तांत्रिकदृष्ट्या काहीच हरकत नाही. फोन त्या वेळी डोंगलचंच काम करत असतो. अडचण वेगळी आहे. फोन माणसाबरोबर जातो. वडील पहिल्या पाळीला गेले की हॉटस्पॉटही पहिल्या पाळीला गेला. घरी राहिलेल्या आईला आणि मुलीला काय मिळालं? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे घरोघरी दिसलं: वर्ग सकाळी अकराला, आणि फोन संध्याकाळी सहाला घरी येणार. डोंगल हे घराचं असतं, कोणाच्या खिशातलं नसतं. त्याचं सगळ्यात मोठं गुणवैशिष्ट्य मला हेच वाटतं, आणि ते खोक्यावर छापलेलं नसतं.

आता ते आत करतं काय? यूएसबीच्या त्या काडीत एक मोडेम असतो, एक छोटी अँटेना आणि सिमकार्ड. म्हणजे बिनपडद्याचा, बिनबॅटरीचा मोबाइल फोनच समजा. वीज संगणकाकडून घेतो. संगणक आणि डोंगल यांच्यात तांब्याच्या तारा आहेत, डोंगल आणि टॉवर यांच्यात रेडिओलहरी, टॉवरपासून पुढे बहुधा जमिनीतली फायबर.

इथे मला आपल्या वैशेषिकांची आठवण होते. ते दोन प्रकारचे संबंध मानतात. एक समवाय, म्हणजे सुटा न होणारा संबंध, जसा कापड आणि धाग्यांचा. दुसरा संयोग, म्हणजे आधी वेगळ्या असलेल्या दोन गोष्टी एकत्र येणं. संयोग हा गुण आहे, तो उत्पन्न होतो आणि विभागाने नष्ट होतो. शिवाय संयोगातही एक प्रकार आहे, संयोगज संयोग. हात पुस्तकाला लागला म्हणजे शरीर पुस्तकाला लागलं. तुमचा संगणक स्वतः टॉवरला लागत नाही, डोंगल लागतं, आणि त्याच्याद्वारे संगणक लागतो. काटेकोर नैयायिक इथे माझा कान पकडील, कारण हात शरीराचा अवयव आहे आणि डोंगल संगणकाचा नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. पण आपल्या कामापुरती गोष्ट एवढीच, की ही जोडणी तीन-चार संयोगांची साखळी आहे, आणि त्यातला कोणताही एक सुटला तरी पडद्यावर दिसणारा परिणाम सारखाच असतो: पान उघडत नाही. हे लक्षात ठेवा, याकडे आपण परत येऊ.

इतिहास थोडक्यात सांगतो. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, टेलिफोनच्या तारेवरून. तो किर्र आवाज आठवतो ना? पुढे त्याचा सगळ्यात जास्त वेग सेकंदाला ५६ किलोबिट. नंतर सीडीएमए तंत्राची डोंगलं आली, रिलायन्स नेटकनेक्ट, टाटा फोटॉन, एमटीएसचं एमब्लेझ. जाहिरातीत ३.१ मेगाबिटपर्यंत वेग. 'पर्यंत' या शब्दावर एक स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल, असो. मग ३जी. बीएसएनएलने २००९ मध्ये सुरू केलं, खाजगी कंपन्यांचा लिलाव २०१० मध्ये झाला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि त्याने थेट ४जीपासूनच सुरुवात केली, २जी-३जी त्यांच्याकडे कधी नव्हतंच. सीडीएमए सेवा हळूहळू मिटल्या. एअरटेलने २०१९-२० च्या सुमारास ३जी आवरतं घेतलं. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर जाहीर झालं.

या सनावळीचा तुम्हाला उपयोग एकच: जुन्या बाजारातून डोंगल घेताना. दोनशे रुपयांत छान दिसणारी काडी मिळते, उजेड लागतो, सॉफ्टवेअर उघडतं, आणि नेटवर्क काही सापडत नाही. ती मोडलेली नसते. ती ज्या जाळ्याशी बोलायला बनवली ते जाळंच उरलेलं नसतं. रेल्वेचा डबा धडधाकट आहे आणि रूळ उखडलेत, तसं. म्हणून डोंगलवर ४जी किंवा एलटीई लिहिलंय का ते बघा. त्यातही ते भारतातल्या पट्ट्यांवर चालणारं हवं. जिओसाठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ हे पट्टे चालतात, म्हणजे यंत्राच्या माहितीत बँड ५, ३ आणि ४० असे आकडे दिसले पाहिजेत. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या डोंगलात बँड ४० नसण्याची शक्यता असते. दुसरं, ते एका कंपनीला बांधलेलं आहे का हे विचारा. कंपन्यांनी स्वतः विकलेली बरीच डोंगलं दुसरं सिम घेत नाहीत. तिसरं, सिमचा आकार. जुन्या डोंगलात मोठं सिम लागतं. फोनमधलं छोटं सिम प्लास्टिकच्या चौकटीत घालून सारलं की ते आत निसटून अडकतं, आणि मग चिमट्याने ओढताना आतल्या पिना वाकतात. कंपनीच्या दुकानातून योग्य मापाचं सिम मागून घेतलेलं बरं.

नुसती यूएसबी काडी घ्यायची की वायफाय देणारी? माझं मत स्पष्ट आहे. घरात एकच संगणक असेल तर साधी काडी पुरते. पण मुलं दोन असतील तर वायफाय देणारं डोंगल घ्या, किंवा बॅटरीवाली डबी, जिला लोक जिओफायच्या प्रकारची म्हणून ओळखतात. बॅटरीवालीचा आपल्याकडे आणखी एक फायदा, लाइट गेली तरी लॅपटॉप आणि ती मिळून अर्ज पूर्ण होतो.

आता लावायचं कसं ते. डोंगल पहिल्यांदा लावलंत की संगणकावर सीडी घातल्यासारखं चिन्ह येतं. लोक गोंधळतात. ते खरंच सीडी असल्याचं सोंग घेतं, कारण त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्याच्याच पोटात ठेवलेलं असतं. ते एकदा बसवलं की सोंग उतरवून ते मोडेम होतं. आपल्या गावात पूर्वी बहुरूपी यायचे, सकाळी पोलीस, दुपारी वैद्य, त्यातलाच प्रकार. लिनक्स वापरणाऱ्यांना या सोंगाचा जास्त त्रास होई, त्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे. आताच्या बहुतेक लिनक्समध्ये तो आधीच असतो.

सॉफ्टवेअर उघडल्यावर एपीएन नावाची एक चौकट दिसते. जाळं प्रचंड आहे, त्यातून इंटरनेटकडे कुठल्या दारातून जायचं त्या दाराचं नाव म्हणजे एपीएन. जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट. ही नावं इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता टाकायची. बहुधा ती आपोआप भरली जातात. पण सिम बदललंत तर जुन्या कंपनीचं दार तसंच राहतं, आणि रेंज पूर्ण दिसूनही इंटरनेट येत नाही. यात माणसांचे दिवसच्या दिवस गेलेले मी पाहिलेत. आधी एपीएन बघा.

पुढचा मुद्दा जागेचा, आणि माझ्या मते पैशापेक्षा तो महत्त्वाचा. रेडिओलहरींना लोखंड ओलांडता येत नाही. वर पत्रे, खिडकीला लोखंडी जाळी, त्यात संगणक कोपऱ्यात लोखंडी कपाटाला टेकलेला, आणि डोंगल संगणकाच्या पाठीमागे! कौलारू घरात किंवा नुसत्या विटांच्या भिंतीत स्थिती बरी असते. उपाय स्वस्त आहे: यूएसबीची वाढीव तार घ्या आणि डोंगल खिडकीत ठेवा, शक्यतो जाळीच्या बाहेरच्या अंगाला, पण पावसाचं पाणी आणि ऊन लागणार नाही असं. तार पाच मीटरच्या आतच हवी. यूएसबीतून मिळणारी वीज मर्यादित असते, बारीक आणि लांब तारेत ती आणखी घटते, आणि डोंगल मध्येच मेल्यासारखं होतं. जाड, दीड-दोन मीटरची तार उत्तम. वायफायवालं असेल तर मोबाइलच्या चार्जरवर खिडकीतच ठेवून द्या, संगणक कुठेही राहू दे.

खिडकी कुठली? टॉवर ज्या दिशेला आहे ती. दिसत नसेल तर प्रत्येक खिडकीत पाच मिनिटं ठेवून सॉफ्टवेअरमधला सिग्नलचा आकडा लिहून काढा. तो ऋण असतो. उणे ८० म्हणजे छान, उणे ११० म्हणजे कसाबसा. उणे आकड्यात लहान दिसणारा मोठा असतो, हे आठवीच्या मुलाला विचारा, तो सांगेल.

आता एक गैरसमज. काड्या पूर्ण दिसतात, तरी नेट का रांगतं? कारण काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येतोय. टॉवरला तुमच्याशी बोलायला सवड आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. एका टॉवरची क्षमता त्याच्या कक्षेतल्या सगळ्यांत वाटली जाते. आपल्याकडे पाळी सुटली, चाळीतल्या खोल्या भरल्या, जेवणं झाली, की रात्री नऊ ते अकरा प्रत्येक जण फोनवर चित्रं बघत पहुडलेला असतो. टॉवर तोच. पहाटे पाचला त्याच खिडकीत, त्याच डोंगलवर वेग कितीतरी पट मिळतो. मोठी फाइल उतरवायची असेल, अर्जाची शेवटची तारीख असेल, तर पहाट साधा. आपले जुने लोक अभ्यासाला पहाटे उठवत, त्यांच्यापाशी कारणं वेगळी होती.

आणि पाऊस. पावसात नेट जातं ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. मोबाइल ज्या लहरी वापरतो त्यांना पाऊस फारसा अडवत नाही. डिशच्या टीव्हीचं वेगळं, त्या लहरी फार आखूड असतात, त्यांना धो धो पाऊस अडवतो. मोबाइलचं नेट पावसात जातं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे टॉवरची लाइट गेलेली असते आणि त्याच्या बॅटऱ्या संपलेल्या असतात, किंवा कुठेतरी रस्ता खणताना टॉवरला येणारी फायबर तुटलेली असते. फरक एवढा की पाऊस थांबल्यावर नेट येईल म्हणून वाट बघू नका. लाइट आल्यावर येईल.

थोडं गणित करू. खोक्यावर लिहिलेलं असतं १५० एमबीपीएस. यातला बी हा बिट. फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट. समजा गर्दीच्या वेळी तुम्हाला प्रत्यक्ष १ मेगाबिट मिळतोय. चाळीस एमबीचा अहवाल म्हणजे ३२० मेगाबिट, म्हणजे ३२० सेकंद, साडेपाच मिनिटांच्या आत. चहा होईल. एक जीबीची फाइल मात्र सव्वादोन तास घेईल. आता उलटं गणित: १ मेगाबिटच्या वेगाने चालणारा व्हिडिओवरचा वर्ग तासाला ४५० एमबी खातो. रोजचे दीड जीबी मिळत असतील तर तीन तास वीस मिनिटांत संपले. दोन मुलं असतील तर हिशोब तुम्हीच करा.

शिवाय संगणक हा फोनसारखा काटकसरी नाही. त्याला वाटतं आपण ऑफिसच्या फुकट तारेला जोडलेले आहोत. विंडोज गुपचूप आपले अपडेट उतरवायला घेतं आणि सकाळच्या दहा मिनिटांत दिवसाचा शिधा फस्त. यावर विंडोज ८ पासून एक सोय आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' नावाचं बटण आहे, ते चालू करा. म्हणजे संगणकाला कळतं की इथे पाणी नळाचं नाही, टँकरचं आहे. मग तो मोठे अपडेट थांबवून ठेवतो. ते कायमचे मात्र थांबवू नका, महिन्यातून एकदा पहाटे उतरवून घ्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातच असतात.

आता मघाशी सोडलेला धागा. पान उघडत नाही. काय करायचं? आपण काय करतो? डोंगल काढतो, फुंकर मारतो, पुन्हा लावतो, त्याच वेळी संगणक बंद करून चालू करतो, शेजाऱ्याचं सिम घालून बघतो, आणि मग चाललं तर कशामुळे चाललं हे कळतच नाही. आपल्या न्यायशास्त्राने कारण शोधायची रीत दिली आहे, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य असतं का, आणि कारण नसताना कार्य नसतं का. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिलने जवळपास हेच आपल्या पद्धतीने मांडलं. व्यवहारात अर्थ एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला.

तेच सिम फोनमध्ये घाला. तिथे नेट चाललं तर सिम, रिचार्ज आणि टॉवर तिन्ही ठीक. आता तेच डोंगल त्याच सिमसकट दुसऱ्या संगणकाला लावा. तिथे चाललं तर दोष तुमच्या संगणकात, नाही चाललं तर डोंगलमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. दोन प्रयोगांत अर्धं काम झालं. रंगांवरूनही थोडं कळतं, हुआवेच्या जुन्या डोंगलांवर हिरवा दिवा २जी सांगे आणि निळा ३जी. प्रत्येक कंपनीचे रंग निराळे, म्हणून सोबतचा कागद फेकू नका.

आणि एक सूक्ष्म गोष्ट. 'नेट नाही' हे आपल्याला कळतं कसं? अभाव डोळ्यांना दिसत नाही. कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं: टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण अट महत्त्वाची आहे, अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. निकालाच्या दिवशी एक वाजता बोर्डाचं पान उघडलं नाही म्हणून आपलं नेट बंद आहे असा निष्कर्ष काढणं म्हणजे काळोखात घट शोधणं. त्या वेळी राज्यातली लाखो मुलं तेच पान उघडत असतात. आधी दुसरी दोन-तीन संकेतस्थळं उघडून बघा. ती उघडली तर डोंगलला हात लावू नका, थांबा.

सिमविषयी सांगायचं राहिलं. डोंगलातल्या सिमलाही एक मोबाइल नंबर असतो. त्यावर येणारे संदेश डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात, आणि ते कोणी उघडत नाही. हा नंबर बँकेला, आधारला, शिष्यवृत्तीच्या अर्जाला देऊ नका. रिचार्ज संपून नव्वद दिवस वापर झाला नाही तर कंपनी तो नंबर बंद करू शकते आणि नंतर तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग तुमच्या मुलीच्या अर्जाचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल. ओटीपीसाठी घरात कायम राहणाऱ्या माणसाच्या फोनचा नंबर द्या. आईचा दिलात तर उत्तम. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, त्यात डोंगलातलंही मोजलं जातं. वायफायवालं डोंगल असेल तर पाठीवर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. गल्लीतली मुलं हुशार आहेत, आणि दीड जीबी थोडंच आहे.

इथे शेवटच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, की बोईसरला केबलवाले फायबर देतात, मग डोंगलवर पैसे का घालायचे? ताई, फायबर घरापर्यंत येत असेल तर घ्याच. वेग, स्थैर्य, महिन्याचा हिशोब, कुठल्याही बाबतीत डोंगल त्याच्यापुढे उभं राहणार नाही. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मालक भोक पाडू देत नाही. सहा महिन्यांनी खोली बदलायची असते. पाड्यावर अजून तार गेलेली नाही. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते, तिथून पुढचं अंतर कुणी कापायचं हा प्रश्न उरतोच. आणि ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनीही एक जुनं चालू डोंगल थोड्या रिचार्जवर ठेवायला हरकत नाही, जेसीबी काय कुणाला विचारून खणत नाही. ५जीवर चालणारी, घराच्या छतावर बसवायची यंत्रंही २०२३ पासून आली आहेत. ते मोठ्या आकाराचं डोंगलच आहे, फक्त कंपनीचा माणूस येऊन लावून जातो. पाममध्ये तुमच्या घराच्या जागी त्याचा सिग्नल मिळतो का, ते पैसे भरण्याआधी त्या माणसाकडून मोजून घ्या.

आणखी एका काकांचा प्रश्न, कपाटात ३जीची दोन डोंगलं पडलीत, त्यांचं काय करू? काका, त्यांच्यावर इंटरनेट येईल ही आशा सोडा. पण बाजूला बघा, बऱ्याच डोंगलांना मेमरी कार्डाची बारीक खाच असते. त्यात कार्ड घालून संगणकाला लावलंत तर ते कार्ड वाचायला अजूनही चालेल, नातवंडांचे फोटो उतरवून घ्या. खाच नसेल तर ई-कचऱ्यात द्या, चुलीत किंवा खाडीत नको. सिम मात्र आधी काढून कात्रीने दोन तुकडे करा.